गाड्या मोजा, खाटा मोजा

मे उजाडला की नागपुरात घरोघरी दोन कामं निघतात: कूलरच्या ताट्या बदलायच्या आणि थंड हवेच्या ठिकाणाची तिकिटं बघायची. अलीकडे त्यात एका वादाची भर पडली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जायला ई-पास लागू झाला. पुढच्या वर्षी न्यायालयाने उन्हाळ्यापुरता गाड्यांचा आकडाच ठरवून दिला: उटीला एरवी दिवसाला ६ हजार आणि शनिवार-रविवारी ८ हजार, कोडाईला ४ हजार आणि ६ हजार. ऑगस्ट २०२५ पासून मसुरीत पर्यटकांची नोंदणी सक्तीची झाली. नैनितालला गर्दीच्या दिवसांत पार्किंग भरलं की रूसी बायपास किंवा नारायण नगरलाच गाड्या अडवतात आणि माणसांना शटलने वर पाठवतात. आणि नागपुरात, जिथून यातलं प्रत्येक ठिकाण किमान एका रात्रीच्या प्रवासावर आहे, लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या गच्चीपर्यंत या विषयावर भांडण चालू आहे.

भांडणात दोन फळ्या आहेत. पहिली म्हणते, "पैसे देऊन राहिलो ना आपण? मंग हे कोण आले अडवणारे?" देश आपला, डोंगर आपला, रस्ता आपल्या करातून झालेला, मग पास कसला मागता? दुसरी फळी स्वतःला जरा सुसंस्कृत समजते. तिच्या मते टुरिस्ट म्हणजे घाण. तलावात वेफर्सची पाकिटं टाकणारे, मॉल रोडवर हॉर्न दाबून धरणारे, हॉटेलच्या गॅलरीत रात्री दोनपर्यंत गाणी लावणारे. असल्यांना वर येऊच देऊ नका. (हे म्हणणारे स्वतः दर दोन वर्षांनी जाऊन येतात, तो भाग वेगळा.) एक बाजू हक्काची भाषा बोलते, दुसरी संस्काराची. तलावात पाणी किती आहे आणि उतार किती ओझं पेलेल, हे मात्र दोघांच्याही तोंडून निघत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मर्यादा हवी, आणि ती कडक हवी. पण ती माणसांच्या डोक्यांवर नको, गाड्यांवर आणि हॉटेलांच्या खाटांवर हवी. तिचं वाटप पैशाने न होता रांगेने व्हावं. अशी मर्यादा खरंच आली तर सर्वांत कमी तोटा नागपूरकराचा होईल, झाला तर फायदाच होईल. म्हणजे पहिल्या फळीतला नागपूरकर घसा ताणून भांडतो आहे तो दुसऱ्याच कुणासाठी तरी.

नैनितालचंच उदाहरण घेऊ, कारण तिथला हिशेब उघड्यावर मांडलेला आहे. साधारण १,९४० मीटर उंचीवर, तीन बाजूंनी डोंगर असलेला तलाव. लांबी दीड किलोमीटरला थोडी कमी, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आत, सर्वांत खोल जागी जेमतेम २७ मीटर. वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल, मध्ये काठाने जाणारा मॉल रोड. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती ४१,३७७, म्हणजे आपल्या महापालिकेच्या एका प्रभागाहूनही लहान. या गावाचं पिण्याचं पाणी या तलावातूनच येतं. नागपूरला पाणी कमी पडलं तर आपण पेंच धरणाकडे बघतो, तोतलाडोहची पातळी पेपरात छापून येते, दोन मंत्री बैठक घेतात. नैनितालला पेंच नाही. ज्या पाण्यावर होडी चालते तेच पाणी शुद्ध होऊन हॉटेलच्या नळाला येतं. मे-जूनमध्ये पातळी उतरत असते आणि नेमकं तेव्हाच गाव फुगतं. २०१६ आणि २०१७ च्या उन्हाळ्यांत पाणी इतकं आटलं की काठाला गाळाची बेटं उघडी पडली. शिमल्याने तर २०१८ च्या मे-जूनमध्ये याहून वाईट दिवस पाहिले. नळ कोरडे पडले, उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि गावातलीच माणसं पर्यटकांना 'येऊ नका' म्हणून विनवू लागली. टूर आधीच बुक केलेल्या माणसाला तेव्हा त्याचा हक्क कोणत्या नळातून मिळणार होता?

नैनितालच्या वरच्या अंगाला सूखाताल आहे. नावाप्रमाणे वर्षातला बराच काळ कोरडा. पावसाळ्यात भरतो, आणि तिथे मुरलेलं पाणी जमिनीखालून झिरपत मोठ्या तलावाला मिळतं. कोरडा दिसतो म्हणून लोकांनी त्यात राडारोडा टाकला, कडेने घरं चढवली, आणि शेवटी सरकारी सुशोभीकरण आलं. त्या कामाला २०२२ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. नागपूरकराला ही गोष्ट परकी वाटू नये. फुटाळा तलावावरची प्रेक्षक गॅलरी आणि कारंजं आपल्याच गावात न्यायालयाच्या दारी जाऊन आलं आहे. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, माणसं गेली, आणि मग दुसऱ्या दिवशी सांडव्यासमोर काय बांधलं होतं याची चर्चा सुरू झाली. पाण्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आपण काहीही उभारू आणि पाणी समजून घेईल, हा समज मैदानात एवढा महाग पडतो. डोंगरात तर पाण्याबरोबर उतारही खाली येतो.

'आम्हाला अडवणारे तुम्ही कोण', हा प्रश्न नैनितालने पहिल्यांदा ऐकला त्याला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली. कुमाऊंचा इंग्रज कमिशनर ट्रेल हा तलाव पाहून आला होता, पण स्थानिकांच्या लेखी ती नैनादेवीची जागा. म्हणून त्याने तिचा गवगवा केला नाही, असं सांगतात. मग १८४१ मध्ये शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन आला. वाट दाखवायला कुणी तयार होईना. असा तलावच नाही म्हणाले. त्याने वाटाड्याच्या डोक्यावर एक भला मोठा धोंडा दिला आणि सांगितलं, नैनितालला दगड मिळत नाहीत, हा तिथवर वाहून ने. थोडं चालल्यावर वाटाड्या बोलून गेला की तिथे दगडांना काय तोटा आहे! पुढे त्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या थोकदाराला, म्हणजे तिथल्या वतनदार मुखियाला, बॅरनने होडीत बसवून तलावाच्या मध्यावर नेलं आणि बुडवायची भीती घालून हक्क सोडल्याचं लिहून घेतलं. हे सगळं त्याने स्वतःच मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलं आहे. बाहेरून आलेल्या माणसाला जागा आवडली म्हणजे ती त्याची झाली, हा युक्तिवाद तिथून चालत आला आहे. तो मराठीत केला म्हणून चांगला होत नाही.

त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत बंगले, हॉटेलं, क्लब उभे राहिले. १८ सप्टेंबर १८८० ला, दोन दिवसांच्या संततधारेनंतर, शेर-का-डांडा नावाच्या डोंगराचा कडा सुटला. सकाळी एक दरड आली. तिच्याखाली सापडलेल्यांना काढायला माणसं जमली, आणि मग त्यांच्याच अंगावर दुसरी, त्याहून मोठी दरड आली. व्हिक्टोरिया हॉटेल गेलं, देवीचं देऊळ गेलं, १५१ माणसं मेली. त्यात १०८ हिंदी आणि ४३ युरोपियन. मल्लीतालचं जे मैदान आज फ्लॅट्स म्हणून ओळखलं जातं, त्याचा मोठा भाग त्या दरडीने भरून निघालेला आहे. इंग्रज त्यानंतर घाबरले, आणि घाबरल्यामुळे शहाणे झाले. डोंगरभर दगडी नाल्यांचं जाळं बांधलं, पावसाचं पाणी मुरून कडा फुगू नये म्हणून. ते जाळं अजून आहे. मात्र ऑगस्ट २०१८ मध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडा तलावात गेला, तेव्हा पुन्हा आठवलं की हा रस्ता जमिनीवर कमी आणि भरवशावर जास्त उभा आहे.

त्या नाल्यांच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसवलेल्या आहेत. एक जोराची सर येऊन गेली की अशा एखाद्या जाळीपाशी उभं राहून बघावं. पाण्याच्या बाटल्या, मॅगीची पाकिटं, चहाचे कप, एखादी चप्पल. दुसऱ्या फळीला हे लगेच दिसतं आणि तिचं समाधान होतं: बघा, टुरिस्ट! पण जाळीच्या खालून काय जातं तेही बघा. वाळू, बारीक खडी, मातीचं गढूळ पाणी. बाटली जाळीला अडकते, सफाई कामगार ती सकाळी उचलतो. वाळू सरळ तलावात उतरते आणि तळाला बसते, ती कुणीही उचलत नाही. बाटली तुमची-माझी आहे, मान्य. वाळू वरच्या बांधकामाची आहे. संस्काराचं भांडण बाटलीपाशी संपतं, तलाव भरतो तो वाळूने.

इथे पहिल्या फळीतला हुशार माणूस मला पकडेल. तो म्हणेल, मग गुन्हेगार बिल्डर आणि परवानगी देणारं ऑफिस. शिक्षा आम्हाला का? हा आक्षेप जोरदार आहे आणि बराचसा खरा आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैनितालच्या बाबतीत बजावलं होतं: बहुमजली इमारती आणि सामूहिक गृहबांधणीला आळा घाला, मॉल रोडवरची अवजड वाहनं थांबवा. त्यानंतरचं नैनिताल ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्या निकालाचं काय झालं हे सांगायची गरज नाही. पण म्हणूनच मी खाटांची मर्यादा म्हणतो. हॉटेल कुणाच्या भरवशावर चढतं? जूनच्या एका शनिवारी ज्या चढ्या दराने खोली जाते, त्या दराच्या भरवशावर. वर्षातले उरलेले महिने अर्ध्या रिकाम्या राहणाऱ्या इमारतीला कर्ज मिळतं ते त्या चाळीस-पन्नास रात्रींच्या हिशेबावर. गावात एकूण किती खाटा भाड्याने देता येतील हे पाण्यावरून ठरलं आणि नव्या खाटेला परवाना मिळेनासा झाला, की त्या उतारावर नवा मजला चढवण्यातला नफा जातो. न्यायालयाचा आदेश कागदावर विरतो. नफा गेला की ठेकेदार स्वतःहून दुसरीकडे जातो.

दुसरा आक्षेप पोटाचा. २ एप्रिल २०२५ ला उटीच्या व्यापाऱ्यांनी ई-पासविरुद्ध बंद पाळला. टॅक्सीवाले, लॉजवाले, चहाची टपरी चालवणारे, गरम कपडे विकणारे, सगळ्यांचं वर्ष अडीच महिन्यांवर चालतं. नागपुरात एसीच्या गारव्यात बसून 'गर्दी कमी करा' म्हणायला काय जातं? काहीच जात नाही. म्हणूनच हा आक्षेप हलक्याने घेऊ नये. पण गर्दी आणि धंदा एकच आहेत का, हे तपासायला हवं. शनिवारी सकाळी दिल्ली-गाझियाबादहून निघालेली गाडी दुपारी डोंगराच्या पायथ्याशी अडकते, संध्याकाळी कशीबशी तल्लीतालला पोहोचते, पार्किंग शोधते, तलावासोबत फोटो काढते, मॅगी खाते आणि रविवारी जेवायच्या आधी परत निघते. होडीवाल्याला यातून काय मिळालं? हीच माणसं मंगळवारी येती आणि दोन रात्री राहती तर होडीत बसली असती, भीमताल-सातताल बघायला टॅक्सी केली असती. रांगेत उभ्या असलेल्या गाडीत बसलेलं गिऱ्हाईक कुणाचंच नसतं. कोंडीत त्याच टॅक्सीवाल्याच्या दिवसाच्या चार फेऱ्यांच्या दोन होतात, हे त्या बंदच्या दिवशी कुणी बोललं नाही.

महाराष्ट्रातच याचा जुना दाखला आहे. माथेरानला मोटार चालत नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा रुळांवरून. २००३ मध्ये तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. माथेरान ओस पडलं का? तिथला हॉटेलवाला भिकेला लागला का? मुंबईकर तंगडतोड करून जातोच, उलट गाडी नाही म्हणूनच जातो. पण माथेरानची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सोयीचा तेवढाच दाखला दिला असं होईल. मोटारीला बंदी आली आणि तिची जागा माणसाने घेतली. पर्यटकांना बसवून चढावर हातरिक्षा ओढणारी माणसं तिथे पिढ्यानपिढ्या राबत राहिली, आणि ती प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावं लागलं. गाडी थांबवली आणि बस, ई-रिक्षा, रेल्वे वेळेवर दिली नाही, तर ओझं कुणाच्या तरी खांद्यावर जातं आणि तो खांदा नेहमी गरिबाचाच असतो. म्हणून नैनितालला गाड्यांच्या मर्यादेआधी डोंगराच्या पायथ्याच्या काठगोदाम आणि काळाढूंगीहून दर काही मिनिटांनी सुटणारी बस हवी. ती नसेल तर मर्यादेला माझाही विरोध आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मर्यादा आली की भाव चढतो, आणि मग डोंगर फक्त श्रीमंतांचा. ही भीती इतिहासातून आली आहे. थंड हवेची ठिकाणं जन्मली तीच मुळी वेस घालून. नैनिताल संयुक्त प्रांताची उन्हाळी राजधानी होती. आपल्या नागपूरचा साहेब मध्य प्रांताचा कारभार घेऊन पचमढीला जात असे. सातपुड्यातली ती गार हवा पगार आणि हुद्दा बघून वाटली जायची. बाकीचं नागपूर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडत इथेच बसायचं. नैनितालला वरचा मॉल गोऱ्यांचा आणि खालचा हिंदी लोकांचा, ही आठवण तिथे अजून सांगितली जाते. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा शाळामास्तर, पोस्टातला कारकून, एसटीचा कंडक्टर रजेच्या सवलतीवर बायकापोरांना घेऊन त्या रस्त्यावर चालला. त्याला पुन्हा 'जागा नाही' म्हणायचं? आणि २३ मे २०१३ ला ज्या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की ज्या शहरात दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही, तिथल्या माणसाला गारवा मागू नकोस म्हणायचं?

नाही म्हणायचं. म्हणूनच पैशाची वेस नको. भूतान परदेशी पाहुण्याकडून रात्रीचे १०० डॉलर घेतं, भारतीयांकडून १,२०० रुपये. त्याने गर्दी आवरते, पण कोण गळतं हे उघड आहे. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो लावले. पाच युरोसाठी व्हेनिस कोण सोडेल? दर मोठा ठेवला तर गरीब थांबतो, लहान ठेवला तर कुणीच थांबत नाही. रांग मात्र सगळ्यांना सारखी असते. ऑस्ट्रियातलं हॉलश्टाट हे डोंगर आणि तळ्याच्या मध्ये चिकटलेलं, आठशेहून कमी वस्तीचं गाव. सेल्फीवाल्यांनी भंडावून सोडलं म्हणून २०२३ मध्ये तिथे तळ्याचं दृश्य अडवणारं लाकडी कुंपण घातलं गेलं आणि ओरड झाल्यावर काढलंही. ते कुंपण म्हणजे दुसऱ्या फळीची बुद्धी. पण त्याच गावाने २०२० पासून पर्यटक बसगाड्यांना आधी वेळ राखून ठेवायची सक्ती केली. वेळ नसेल तर बस आत येत नाही. माणूस मोजला जात नाही, त्याची चाकं मोजली जातात.

आणि एवढं लांब जायचं कशाला? रांगेचं गणित नागपूरकराला तोंडपाठ आहे. ताडोबा मंगळवारी बंद. पावसाळ्यात कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद. मोहर्ली असो की कोलारा, प्रत्येक गेटवर सकाळ-संध्याकाळच्या जिप्सी ठरलेल्या, बुकिंग आधी ऑनलाइन, स्वतःची गाडी घेऊन आत शिरायचं नाही, गाइड घ्यायचाच. पुण्या-मुंबईचा पाहुणा ऐन वेळी आला आणि म्हणाला की उद्या वाघ बघू, तर आपणच त्याला हसतो: "आता कुठून भेटते बुकिंग!" त्या वेळी आपल्याला घटनेचं कलम १९ आठवत नाही. देशभर मुक्त संचाराचा हक्क त्याच कलमात आहे, आणि सर्वांच्या हितासाठी वाजवी बंधन घालायची मुभाही त्याच कलमात आहे. जंगलात वाघ दिसतो म्हणून मर्यादा पटते, तलावाची पातळी दिसत नाही म्हणून पटत नाही, असं तर नाही ना? ताडोबाची पद्धत निर्दोष नाही. शनिवार-रविवारचा दर जास्त, पूर्ण जिप्सीचं भाडं मध्यमवर्गालाही जड. हा दोष तिथे आहेच, आणि नैनितालला जी पद्धत येईल त्यात तो नसावा एवढं मागता येईल. पण जिप्सी मोजल्यामुळे बफरमधल्या गावातल्या पोरांना गाइडचं आणि ड्रायव्हरचं काम मिळालं, हेही त्याच पद्धतीने झालं. मोकळ्या गर्दीने नाही.

आता सुरुवातीला म्हटलं होतं त्याकडे येतो. नागपूरहून नैनितालला माणूस कसा जातो? रात्रीच्या गाडीने दिल्ली, सुमारे अकराशे किलोमीटर, तिथून गाडी बदलून काठगोदाम. १८८४ पासून रेल्वे तिथवर आहे. पुढचे पस्तीसेक किलोमीटर बसने किंवा टॅक्सीत शेअर करून. इतक्या लांब गेलेला माणूस दोन-तीन रात्री राहतो, कारण एका रात्रीसाठी एवढा उपद्व्याप कोण करेल? स्वतःची कार घेऊन जाणारे नागपूरकर आहेत, पण मोजकेच. म्हणजे गाड्यांची मर्यादा लागू झाली तर अडणार कोण? चार-सहा तासांच्या अंतरावरून शनिवारी निघणारी खासगी कार. काठगोदामला उतरून बसमध्ये चढणारं कुटुंब अडणार नाही, उलट त्याची बस कोंडीतून सुटेल. आज तेच कुटुंब शेअर टॅक्सीत मुलाला उलट्या होत असताना तास-दोन तास एका वळणावर बसून राहतं, आणि परत येऊन पंगतीत सांगतं की पास वगैरे सगळा चावटपणा आहे. रेल्वेचं तिकीट दाखवणाऱ्याला मर्यादेत आधी जागा द्या, अशी मागणी खरं तर नागपुरातून जायला हवी. विदर्भाला ती थेट फायद्याची आहे, आणि गाडी नसलेल्या माणसाला सगळीकडेच.

आत्ताचे पास मात्र त्या कामाचे नाहीत, हे कबूल करावंच लागेल. उटी-कोडाईचा २०२४ चा ई-पास अर्ज केला की मिळत होता. तो नुसती मोजदाद होती. मोजदाद वाईट नाही, पण तिला मर्यादा म्हणून मिरवलं की लोकांचा विश्वास उडतो: कागद मागितला, कागद दिला, वर तीच गर्दी. २०२५ चा आकडा हे पुढचं पाऊल होतं, पण आकडा कशावरून काढला हे सामान्य माणसाला समजलं पाहिजे. माझी सूचना साधी आहे. नैनितालच्या बुकिंगच्या पानावर सर्वांत वर दोन आकडे असावेत: आज तलावाची पातळी किती, आणि आज गावात भरलेल्या खाटा किती. पातळी उतरली की पुढच्या आठवड्याच्या खाटा आपोआप कमी. ज्याला कारण दिसतं तो 'नाही' पचवतो. कारण लपवलं की त्याला वशिला दिसतो, आणि पुष्कळदा तो असतोही.

दुसऱ्यांच्या तलावाविषयी एवढं बोलल्यावर आपल्या डोंगराचं विचारावंच लागेल. विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण एकच, चिखलदरा. अकराशे मीटरच्या वर, मेळघाटला लागून, शेजारी गाविलगड, कधीकाळी साहेबांनी लावलेली कॉफी, आणि डोंगरावर शक्कर तलाव, कालापाणी, मच्छी तलाव असे तलावही आहेत. पावसाळ्यातल्या शनिवारी तिथे आता जी रांग लागते ती बघितली तर नैनितालचा रस्ता आठवतो. स्कायवॉक येणार म्हणून प्लॉट विकले जात आहेत, रिसॉर्टच्या पाट्या लागत आहेत, आणि उन्हाळ्यात तिथे पाण्याची टंचाई पडते हे अमरावतीच्या कुणालाही विचारा. नियोजनाचं काम तिथे सिडकोकडे आहे. नव्या रिसॉर्टला परवानगी देताना त्या तलावांतलं मे महिन्याचं पाणी मोजलं का, एकूण खाटा किती ठरवल्या, परतवाड्याहून बस किती वाढवल्या, हे तिन्ही प्रश्न आजच विचारता येतात. तिथे अजून मजले चढायचे आहेत. आणि ते नागपुरातूनच विचारावे लागतील, कारण घाटात अडकलेल्या त्या रांगेत अमरावतीच्या एमएच २७ च्या बरोबरीने नागपूरच्या एमएच ३१, ४० आणि ४९ च्याच पाट्या असतात.